स्वतःच्या दारातला ‘पाहिजे’

आबा चिकणे पेपर खालून वर वाचतात. शेवटच्या पानापासून नव्हे. तसं तर क्रिकेटसाठी अर्धं महाड वाचतं. आबा प्रत्येक बातमीचं शेवटचं वाक्य आधी वाचतात. त्यात ‘पाहिजे’ हा शब्द असला, की चष्मा सारखा करून वर मथळ्यापर्यंत चढतात. नसला, तर त्या बातमीवर बोट आपटतात आणि मला सांगतात, “ही बातमी नाय गो शुभे. ही नुसती माहिती हाय.”

हा कार्यक्रम रोज सकाळी माझ्या दुकानात होतो. महाडात कोर्टाच्या रस्त्याला माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. मी दमलेली बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. वकिलांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायची, लोकांच्या आधार कार्डांवर प्लॅस्टिक चढवायचं, आणि त्यातून वेळ काढून इथल्या एका साप्ताहिकाची पानं लावायची. पुराचं पाणी आत शिरलं की गाळ उपसायचा, मशीन वाळवायचं आणि पुन्हा टायपिंगला बसायचं. अशात समोर स्टुलावर बसून कोणी बातम्यांचे शेवट तपासत असेल, तर माझ्या डोक्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. पण आबांना ऊठ म्हणायची कोणाची टाप नाही. माझी तर नाहीच.

आबा एके काळी मुंबईच्या एका दैनिकाचे वार्ताहर होते. महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके त्यांच्याकडे. दिवसभर फिरून बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या मुंबई गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. गाडी वाटेत बंद पडली, तर पोलादपूरची बातमी शिळी होऊन छापून यायची. ते दैनिक बंद पडूनही आता जमाना झाला. बायको वारली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि आबा महाडात एका खोलीत एकटे राहतात. अंगाने काटकुळे, पायात कॅनव्हासचे बूट, बगलेत छत्री. बूट का, तर बातमीदाराच्या वाटेत पाणी असतं म्हणून. पाणी नसलेल्या बातम्या शहरातल्या.

त्या काळच्या बातमीदारांचं एक व्रत होतं म्हणा ना. बातमी कसलीही असो, ती ‘पाहिजे’वर टेकवल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. गाडी उशिरा सुटते; वेळेवर सुटली पाहिजे. शाळेचं छप्पर गळतं. दुरुस्त झाले पाहिजे. बोलताना आबा आमच्या रायगडी बोलीत ‘नाय’ आणि ‘हाय’ करतात, पण बातमी सांगायला लागले की त्यांच्या अंगात छापील मराठी येते. “सदर रस्त्याची अवस्था दयनीय झाली असून प्रवाशांची कमालीची कुचंबणा होत आहे. संबंधित खात्याने याकडे तातडीने लक्ष दिले पाहिजे.” एवढं एका दमात म्हणतात आणि लगेच, “लिवलंस काय गो?”

हे व्रत इतकं मुरलं होतं, की लग्नाची बातमीसुद्धा त्यातून सुटायची नाही. “वधूवरांनी सुखाने संसार केला पाहिजे.” कोणी वारला, तर “अशी माणसे गावोगावी जन्मली पाहिजेत.” घरच्यांना ते फार आवडायचं, कात्रण फ्रेम करून भिंतीला लावायचे. एका पावसाळ्यात तर आबांनी लिहून पाठवलं, “आता पावसानेही थोडी उसंत घेतली पाहिजे.” मुंबईतल्या उपसंपादकानेही काही न बघता छापलं. आबा शपथेवर सांगतात, की पेपर महाडात आला आणि दुपारी ऊन पडलं.

“पावसानं वाचलान असंल,” आबा म्हणतात. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

‘व्हावे’, ‘गरज आहे’, ‘पाहिजे’, आमच्यासारख्यांना सगळं सारखंच वाटतं, पण आबांच्या लेखी त्यात मोठा भेद आहे. “‘व्हावे’ हा अर्ज झाला. अर्जाचं काय होतं ते तुला कोर्टाच्या दारात बसून मी सांगायला नको. ‘गरज आहे’ म्हटलं तर गरज कोणाला, ते कळतच नाय. ‘पाहिजे’ म्हटलं, की साहेब खुर्चीत सरळ बसतो.” आणि ‘झालेच पाहिजे’मधला ‘च’? तो आबा जपून वापरायचे, वर्षाकाठी एखादा. एकदा मी हायवेच्या कामाची बातमी लावत होते. सहज विचारलं, “आबा, इथे च घालू का?” त्यांनी हात जोडले. “हायवेला च घालून घालून माझा च संपला गो. आता व्हायचा तर होऊ दे, नायतर राहू दे.”

आता कोणी तसं लिहीत नाही. साप्ताहिकाचे मालक मला फोनवर सांगतात, “ताई, तो पाहिजे-बिहिजे काढा. ‘मागणी जोर धरत आहे’ असं करा. साहेबांना राग येतो, आणि वाढदिवसाच्या जाहिराती त्यांच्याच असतात.” मी करते. एकीचं पोट त्यावर असतं तेव्हा ती काय करणार? आबा पान हातात घेतात, खालून वर वाचतात आणि मला विचारतात, “मागणी आपोआप कशी काय जोर धरते गो? तालमीत जाते काय?”

मी कागद मशीनवर ठेवून बटण दाबते. झेरॉक्स मशीनचा आवाज मोठा असतो, त्याचा असा उपयोग होतो.

पण नुसतं लिहून भागत नसे. आबांच्या हिशेबी ‘पाहिजे’ लिहायचा हक्क ज्याने डोळ्यांनी बघितलं त्यालाच. कोणी येऊन सांगितलं, फोन केला, त्यावर लिहायचं नाही. आपण जायचं, तिथे उभं राहायचं, शक्यतो त्रास व्हायच्या वेळेलाच जायचं. आणि छापून आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. झालं का ते बघायला पुन्हा जायचं. आता पेपर नाही, पाकीट नाही, पण हे जाणं काही सुटलेलं नाही. मार्चात चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागते. येणाऱ्यांना प्यायच्या पाण्याची सोय झाली पाहिजे, असं आबांनी कधी काळी लिहिलं होतं. अजून दर मार्चात ते उन्हात तळ्याभोवती फिरतात आणि पाणी वाटणाऱ्या प्रत्येक टेबलापाशी थांबून एक-एक पेला पितात. “पाण्यासाठी माणसं चालून आली ते हे तळं. हितं कोण तहानलेला राहिला तर आपल्याला लाज,” म्हणतात. संध्याकाळी दुकानात येतात तेव्हा पोट नगाऱ्यासारखं झालेलं असतं.

दासगावला त्यांनी मागे एक एसटीची शेड लिहिली होती. शेड झाली तेव्हा आबा तिथे जाऊन बसले. एक गाडी आली, गेली. दुसरी आली. कंडक्टरने मान बाहेर काढून विचारलं, “आबा, चढताय ना?”

“नाय. बसलोय.”

“कोणाची वाट बघताय?”

“पावसाची. शेड गळते काय ते बघायचं हाय.”

पाऊस आला, शेड गळली नाही, तेव्हाच आबा उठले. घरी यायला गाडी नव्हती, तर कोणाच्या तरी टेम्पोत मागे वाळूवर बसून आले. सर्दी झाली ती आठवडाभर माझ्या दुकानात शिंकत काढली.

हे सगळं मी हसून सोडून देत असे. पण त्यांचा एक नेम मात्र माझ्या कधी पचनी पडला नाही. स्वतःच्या दारातला ‘पाहिजे’ लिहायचा नाही. आपली गल्ली, आपलं घर, आपले सोयरे यांच्यासाठी तर मुळीच नाही. आबा नवखे असताना ज्या थोरल्या बातमीदाराने त्यांना शिकवलं, त्याने सांगितलं होतं म्हणे, की आपल्या दारासमोरचा खड्डा ज्या दिवशी छापशील, त्या दिवसापासून लोक तुझे बाकीचे खड्डेही तुझ्याच दारातले समजतील. आबांनी ते गाठीला बांधलं. त्यांच्या खोलीपुढच्या उघड्या गटारात ते स्वतः पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, पण अक्षर लिहिलं नाही. गल्लीतल्या बाया ऐकवून दमल्या. “बातमीदार आमच्या गल्लीत, आणि झाकणं दुसऱ्यांच्या गटारांना!” आबा प्लास्टरवर हात ठेवून नुसते मान डोलवायचे.

गटाराचं ठीक आहे हो. पुढे जे कळलं त्याने माझं डोकं फिरलं.

गेल्या वर्षी मृग लागायच्या जरा आधी एक म्हातारी काठी टेकत दुकानात आली. हयातीच्या दाखल्याला आधारची झेरॉक्स हवी होती. आबांसारखंच नाक, आबांसारखीच मान ताठ. तिने स्टुलाकडे बघितलं आणि मला म्हणाली, “हा हितं बसतो काय? बरं हाय. तुज्याकडं वहाळ नाय ना, म्हणून बसतो.”

ती आबांची थोरली बहीण, जनाक्का. त्या दिवशी आबा पहिल्यांदा स्टुलावरून आपण होऊन उठलेले मी पाहिले. आक्का बसली आणि पाणी पिता पिता तिने सगळं माझ्यापुढे मांडलं. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. वाडीच्या मधून वहाळ वाहतो, वहाळ म्हणजे ओढाच, पण पावसात त्याला ओढा म्हणायची हिंमत होत नाही. आबांचं जुनं घर, म्हणजेच आक्काचं माहेर, पलीकडच्या अंगाला. आक्काचा नवरा लवकर गेला, ती परत माहेरी आली आणि तिथेच राहिली. वहाळावर दोन ओंडके टाकलेले असतात. पाऊस जोराचा झाला की ते वाहून जातात, दसऱ्याच्या सुमाराला माणसं पुन्हा टाकतात. मधले महिने पलीकडचे पलीकडे. डोंगरावरून मोठा वळसा आहे, पण तो चालायला गुडघे तरण्या माणसाचे लागतात.

“सगळ्या मुलखाला साकव दिलेन ह्यानं,” आक्का म्हणाली. साकव म्हणजे वहाळावरचा लहान पूल. “खालच्या वाडीला दिलान, वरच्या वाडीला दिलान. आमचा वहाळ तेवढा ह्याला दिसत नाय. गावात लोक मला बोलतात. तुझा भाऊ पेपरवाला, म्हणतात, आणि आम्ही ओंडक्यावरनं चालतो.”

आबा दारात उभे राहून कोर्टाकडे बघत होते.

खरी गोष्ट पुढेच होती. आदल्या पावसाळ्यात आक्का ओंडक्यावरून घसरली होती. वाचली, पण कंबर धरली. तिचा मुलगा सुरेश मुंबईला असतो. त्याने निक्षून सांगितलं होतं, की यंदा गणपतीला येईन आणि जाताना तुला घेऊनच जाईन. घराला कुलूप. गणपतीच्या आत वहाळावर काही झालं, निदान होणार असं दिसलं, तर तो ऐकेल, नाहीतर नाही. आक्काला जायचं नव्हतं. “मी तिकडं काय करू गो? त्यांच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते.”

ती गेल्यावर मी आबांना धारेवर धरलं. म्हटलं, “आबा, बहीण आहे तुमची. पेपर बंद पडला, तुम्ही रिटायर झालात, आता तरी तो नेम सोडा. चार ओळी लिहा, मी छापते.”

“नाय.”

“मग मी लिहिते. तुमचं नावसुद्धा नको.”

आबांनी विचारलं, “तू वहाळ बघितलास?”

बघितला नव्हता. “मग कशी काय लिवशील? आणि आता उन्हात बघून लिवलेला साकव कोण बांधणार? पाऊस पडू दे. मग ये.”

म्हणून आषाढात, दुकानाला कुलूप लावून, गुडघ्याला पट्टा बांधून मी त्यांच्याबरोबर पोलादपूरची गाडी पकडली. पुढे दुसरी गाडी, पुढे चिखल. वाटेत मी आबांना, त्यांच्या त्या थोरल्या बातमीदाराला आणि सगळ्या मराठी वृत्तपत्रसृष्टीला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहीत नाही. आबा छत्री टेकत पुढे चालले होते, आणि वाटेतल्या घरांतली माणसं त्यांना बघून “आलास काय रे?” म्हणत होती. रोजच्या माणसाला विचारावं तसं. मला जरा नवल वाटलं.

वहाळ आधी ऐकू आला, मग दिसला. तांबडं पाणी, फांद्या, फेस. ओंडके केव्हाच गेले होते. आबा काठावरच्या एका दगडावर जाऊन उभे राहिले. तो दगड त्यांच्या पायाने गुळगुळीत झाला असावा असे ते त्यावर उभे होते. थोड्या वेळाने पलीकडे झाडीतून आक्का आली, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. तीही तिच्या काठावर ठरलेल्या जागी थांबली.

“जेवलीस?” आबा ओरडले.

आक्काने कानाला हात लावला.

“जे-व-लीस?”

तिने काहीतरी उत्तर दिलं. पाण्याच्या आवाजात एक अक्षर आलं नाही. मग आबा एकदम चिडले. “काठी दाखव! काठी कुठं हाय?” आक्का दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती. आबा छत्री उंच करून काठीसारखी हलवून दाखवायला लागले. आक्का शाळेतल्या पोरीसारखी मान हलवून, मला काय ऐकू येत नाय, असं करत होती. ते मात्र तिला बरोबर कळलं होतं. शेवटी तिने पाठीमागून काठी काढून दाखवली. एक नव्हे, दोन. आबा दगडावर मटकन बसले.

“एकीवर चालायची,” ते मला म्हणाले. “मागच्या खेपेला एकच होती.”

तेव्हा मला कळलं, की हे पावसाळाभर चालतं. दर आठवड्याला, दुकानातलं स्टूल रिकामं असतं त्या दिवशी. वर्षानुवर्षं.

“आबा, फोन नाही का तिच्याकडे?”

“हाय ना. रेंज पण येते अधनंमधनं. पण फोनवर ती ‘बरी हाय’ म्हणते. उभी कशी राहते ते डोळ्यांनी बघायला लागतं गो.”

मला तिथे पावसात उभ्या उभ्या रडू आलं, आणि रागही आला. ज्या माणसाने ज्याच्या-त्याच्या वहाळावर साकव घातला, तो स्वतःच्या वहाळाला हात जोडून या काठावर उभा. मी त्यांना तसं बोललेसुद्धा. ते म्हणाले, “आता बघितलंस ना? मग लिव. मला दाखवू नको. आणि एक लिव, ह्या वाडीत एका जुन्या बातमीदाराची बहीण राहते म्हणून. लपवायचं नाय.”

मी लिहिलं. जसं दिसलं तसं लिहिलं, दोन काठ्यांसकट. शेवटी, संबंधित खात्याने या वहाळावर साकव बांधला पाहिजे, असं ठोकून दिलं. मालकांना पान छापून आल्यावरच दाखवलं. त्यांचा फोन आला. “ताई, खाली एक पाहिजे राहिलाय.” म्हटलं, राहिला असेल हो, घाईत होतं. आबांनी तो अंक हातात घेतला, आणि ही एकच बातमी त्यांनी वरून खाली वाचली. चहा मात्र अर्धाच प्यायले.

पुढे काय? पुढे श्रावण. कोणी तरी येऊन वहाळाचं माप घेऊन गेलं म्हणे. मग गणपती. सुरेश आला, वळसा घालून बायकापोरांसह घरी पोचला, पाच दिवसांचा गणपती केला आणि आक्काला चार जणांनी खुर्चीत बसवून डोंगरावरून उतरवलं. सुरेशला दोष देऊन उपयोग नाही. माप घेतलेल्या वहाळावरून आईला चालवता येत नाही. पोलादपूर स्टँडवर आबा निरोप द्यायला गेले होते. आक्काने घराची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि तोंड फिरवून गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी आबा स्टुलावर येऊन बसले. पेपर घेतला नाही. म्हणाले, “तेव्हाच लिवला असता तर काय झालं असतं गो? लोक बोलले असते. दोन दिवस बोलले असते आणि गप बसले असते. मी त्या दोन दिवसांना भ्यालो.”

एका वकिलाच्या अशिलाचं काम हातात होतं, ते तसंच ठेवलं आणि चहा सांगितला.

साकव झाला. बातमीमुळे झाला, की निवडणुका जवळ आल्या म्हणून झाला, की माप घेणारा कोणी भला माणूस होता, ते देवाला ठाऊक. माघात काँक्रीट पडलं, आणि शिमग्याच्या सुमाराला आबा मला म्हणाले, “चल, बघून येऊ.” माझा गुडघा अजून मागच्याच खेपेचा दुखत होता. तरी गेले.

साकव चांगला होता. आबांनी मधोमध उभं राहून पाय आपटून पाहिले, कठड्यावर छत्री वाजवली, खाली वाकून खांबांकडे बघितलं. वहाळात बोटभर पाणी होतं. पलीकडे पोचायला आम्हाला काही वेळच लागला नाही. पलीकडच्या घरांपैकी बहुतेकांना कुलपं, माणसं मुंबईला. आक्काच्या अंगणात पाचोळा साचला होता. आबांनी किल्ली काढली नाही. पडवीतला केरसुणीचा बुडखा घेतला आणि अंगण झाडायला लागले. मी पायरीवर बसून राहिले.

झाडून झाल्यावर त्यांनी मुंबईला फोन लावला. एका कोपऱ्यात उभं राहिलं की रेंज येते, ती जागा त्यांना ठाऊक होती. आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

“सुरेश, साकव झाला रे. मी वरनं चालून आलो. पक्का हाय. आता आईला आण.”

“मामा, झाला ते लय चांगलं झालं,” सुरेश म्हणाला. “पण खरं सांगू? साकवाने काय होतं? पडली-बिडली तर पाणी द्यायला माणूस पाहिजे. आजूबाजूचे सगळे इकडे आहेत. तुम्हीच सांगा, कोण आहे तिकडे?”

आबांनी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या दाराचं कुलूप, त्याच्या पलीकडच्या दाराचं कुलूप. मला वाटलं, आता ते पुन्हा गप्प बसणार. फोनमधून आक्काचा आवाज आला, “काय म्हणतो तो? काय म्हणतो?”

“मी हाय,” आबा म्हणाले.

“तुम्ही महाडला असता मामा.”

“असायचो. आता हितं हाय. घेऊन ये तिला.”

फोन ठेवला आणि खिशातून किल्ली काढून ते कुलपाशी झटापट करायला लागले. गंज चढला होता, दोघांनी मिळून उघडलं. आत पाखरांची घाण, बंद घराचा वास. आबांनी आपल्या महाडच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं, की कपड्यांची पेटी आणि दुसरी छत्री एसटीने पाठव, कंडक्टर ओळखीचा आहे.

मी इकडेतिकडे बघितलं. म्हटलं, “आबा, इथे पेपर येत नाही.”

“नाय आला तर नाय,” ते म्हणाले, आणि पाणी आणायला कळशी शोधू लागले.

संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच खाली आले.